पाळी माझी

त्या फाटकावरून दिवसभरात चौदा गाड्या जायच्या, आणि दोन गाड्यांच्या मधे जे काही उरायचं ते सगळं तिचं असायचं. कमरेएवढं गवत, त्यातून गेलेले रूळ, एका खोलीची केबिन, केबिनमधे एक स्टूल, एक घंटा, एक टेलिफोन, लाल आणि हिरवी झेंडी. बाहेर दाराशी लोखंडी चाक. ते फिरवलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दांडे हळूहळू खाली यायचे. बत्तीस फेरे खाली, बत्तीस फेरे वर. सगळे तिला फाटकवाली म्हणत आणि तिला त्यात काही कमीपणा वाटत नसे. डॉक्टरला डॉक्टर म्हणतात, मग फाटकवालीला फाटकवाली म्हटलं तर बिघडलं कुठं, असं तिचं म्हणणं.

एकवीस वर्षं ती हे चाक फिरवत होती. मुठीवरचा रंग तिच्याच तळहातांनी गेला होता. बाकी ठिकाणी म्हणे बटण दाबलं की दांडे आपोआप पडतात. इथेही बटण येणार होतं. एकवीस वर्षं ते येणारच होतं.

फाटकावर तीन माणसं होती. सकाळी सहा ते दोन आणि दुपारी दोन ते दहा या पाळ्या ती आणि मामा आठवड्या-आठवड्याने अदलून-बदलून करायचे. मामा म्हणजे कोणाचेच मामा नव्हते. मोठ्या मिशा आणि हळू बोलणं यामुळे सगळ्या जगाचे मामा झाले होते. तिसरा, रात्रपाळीवाला, त्याला घुबड म्हणत. तो या गोष्टीत येत नाही, कारण गोष्ट दिवसाची आहे आणि दिवसा तो झोपलेला असतो.

पाळी बदलायची त्यांची एक रीत होती. जाणाऱ्याने चाकाच्या कुलपाची किल्ली पुढे धरायची आणि म्हणायचं, “पाळी तुझी.” येणाऱ्याने किल्लीचं दुसरं टोक धरायचं आणि म्हणायचं, “पाळी माझी.” दोन्ही वाक्यं झाल्याखेरीज किल्ली कोणी सोडायची नाही. हे कुठल्याही नियमाच्या पुस्तकात नव्हतं. फार पूर्वी एक जण ‘तो आलाच असेल’ म्हणून निघून गेला, दुसरा ‘तो थांबलाच असेल’ म्हणून उशिरा आला, आणि मधला अर्धा तास फाटकाला वाली नव्हता. तेव्हापासूनची ही रीत. मामा ते दोन शब्द कोर्टात साक्ष दिल्यासारखे म्हणायचे.

अठ्ठेचाळिसावं सरता सरता झोप तिच्यावर रुसली. रात्री न येणारी झोप मग दिवसा तुकड्या-तुकड्याने यायची, तीही डोळे उघडे असताना. दुपारी रुळांवरची हवा हलायला लागली की त्या हलत्या हवेतून तिला कोणीतरी चालत येताना दिसे. कधी लहानपणीची मैत्रीण, कधी आई. ती बघत राही आणि घंटा वाजली की दचकून उठे. मग अंगातली ती ऊब. पोटातून निघायची, छातीत, गळ्यात, थेट कानांच्या पाळ्यांपर्यंत चढायची, जणू आत कोणी शेगडी पेटवून ठेवलीय. अंगाची लाही लाही व्हायची, कपाळावरून घाम निथळायचा, आणि पाच मिनिटांनी हुडहुडी. गुडघे बोलायला लागले. छाती उगाच धडधडायची. नवऱ्याने नुसतं “चहा?” असं विचारलं तरी तिला वाटे, हा माणूस मुद्दाम विचारतोय. त्या वर्षी घरातली भांडी जेवढी आपटली तेवढी आधीच्या वीस वर्षांत आपटली नव्हती. बिचारा शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, काचेची भांडी सांभाळून-सांभाळून ठेवायची त्याला सवय. तो घरातही तसाच वागायला लागला.

तशात सहामाही चाचणी आली. दांडा अडकला, फोन बंद पडला, तर फाटकवाल्याने लाल झेंडी घेऊन रुळाच्या कडेने पळत जायचं आणि येणारी गाडी थांबवायची, असा नियम. म्हणून सहा महिन्यांनी तपासनीस यायचे. आधी चाकाचे बत्तीस फेरे न थांबता, मग झेंडी घेऊन सहाशे पावलं, पांढऱ्या खांबापर्यंत. सगळं पाच मिनिटांत. एकवीस वर्षांत तिने ही चाचणी हसत-खेळत दिली होती. या वेळी चारशेव्या पावलाला पायातलं बळच गेलं. कडेला एक चपटा दगड होता, त्यावर ती बसली ती बसलीच.

तपासनीस हडकुळे होते, गळ्यात दोरीने बांधलेलं घड्याळ. माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं.

“बाई, सहा महिन्यांनी परत येतो,” ते म्हणाले. “तेव्हाही झालं नाही तर तुम्हाला स्टोअरमधे बसवू. सावली आहे, पंखा आहे, चांगली खुर्ची आहे. या वयात ते बरं.”

खुर्चीचं नाव निघालं आणि तिला आई आठवली. तिची आई साठ-बासष्टीला न्हाणीच्या उंबऱ्यात पाय अडखळून पडली होती. एवढंसं पडणं, पण कमरेचं हाड मोडलं. नंतरची चार वर्षं ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, आणि येणारा-जाणारा हेच म्हणायचा, या वयात आराम बरा. आरामाने माणूस कसा संपतो ते तिने घरात बघितलं होतं. तिला फाटक हवं होतं. चाक, गवत, रूळ, चौदा गाड्या. पंखा नको होता.

आणि मग तो मंगळवार. दुपारचे दोन. मामांनी किल्ली पुढे धरली, “पाळी तुझी.”

तिने दुसरं टोक धरलं. आदल्या रात्री पापणीला पापणी लागली नव्हती. डोक्यात कापूस भरलेला. ती शांतपणे म्हणाली, “पाळी तुझी.”

मामा हसले. ती हसली नाही, कारण आपण काय बोललो ते तिला कळलंच नव्हतं. मग मामांचंही हसू मिशीत विरलं. दोघं किल्लीची दोन टोकं धरून उभी, आणि मामा अगदी हळू म्हणाले, “अगं, मग फाटक कोणाचं?”

तिने पटकन बरोबर वाक्य म्हटलं, किल्ली घेतली. कुठलीही गाडी चुकली नाही, कोणाला काही झालं नाही, मामांनीही कुठं तोंड उघडलं नाही. पण संध्याकाळभर प्रत्येक गाडीआधी ती तीनतीनदा दांडे बघून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात जाऊन बसली.

डॉक्टरीण वयाने तिच्या मुलीएवढी. आधी गुडघे बघितले, छातीला यंत्र लावलं, मग कागद पुढे ओढला.

“पाळी शेवटची कधी आली होती?”

“कालच. दुपारची.”

“बरं. आणि नियमित असते?”

“नियमित कसली! दर आठवड्याला बदलते.”

डॉक्टरणीचं पेन थांबलं. “दर आठवड्याला? किती वेळ असते?”

“आठ तास,” फाटकवाली म्हणाली. “पण दुसरा उशिरा आला तर नऊही होतात. मामांचं तसं नसतं, मामा वेळेवर येतात.”

“मामा?” डॉक्टरीण म्हणाली. मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आधी कोण हसलं ते सांगता येत नाही. बाहेरच्या बाकावरच्या बायका माना लांब करून बघायला लागल्या एवढं नक्की. फाटकवाली किती महिन्यांनी अशी हसली होती कोण जाणे. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

डॉक्टरणीने तिला मोकळं होऊ दिलं. हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत होतं.

“तुमची पाळी जायची वेळ आलीय, त्याची ही सगळी लक्षणं,” ती म्हणाली. “झोप, घाम, राग, विसरणं, गुडघे. बारा महिने सलग आली नाही की ती गेली म्हणायचं, तोवर येत-जात राहील. हे आजारपण नाही. पण या दिवसांत हाडं ठिसूळ होतात, स्नायू आटतात, हृदयालाही जपावं लागतं. म्हणून आराम करू नका. चाला, भरभर. आठवड्यातून दोनदा वजन उचला. एका पायावर उभं राहायला शिका, म्हणजे पडायच्या नाहीत. त्रास फारच झाला तर औषधंही आहेत, तेव्हा लाजू नका, या.”

“मी चाक फिरवते की रोज.”

“एकवीस वर्षं तेच चाक, तेच दोन हात. अंगाला सवय झालेलं काम अंग मोजत नाही. त्याला नवीन काहीतरी द्या.”

नवीन काहीतरी द्यायला घरातच माणूस होतं, पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं. तिची थोरली नणंद, शाळेत तीस वर्षं व्यायाम शिकवून निवृत्त झालेली, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. गळ्यातली शिट्टी निवृत्तीनंतरही उतरली नव्हती. नणंद-भावजयीत जेवढं सख्य असतं तेवढं दोघींत होतं, म्हणजे लांबून गोड.

“वन्सं, मला पळायला शिकवा,” ती दारात उभी राहून म्हणाली.

वन्संनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “पळायला? तुला आधी उभं राहायला शिकवते. ये आत, फाटकवाले.”

आणि खरंच त्यांनी उभं राहण्यापासून सुरू केलं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, हात न टेकता बसायचं, दहा वेळा. पहिल्या दिवशी चौथ्या वेळेला ती धपकन बसली आणि खुर्चीने सुस्कारा टाकला. मग मैदानाच्या कडेने चालणं.

“किती भरभर चालायचं?”

“बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतकं.”

“मला एरवीही गाता येत नाही.”

“मग तुझं काम सोपं,” असं म्हणून वन्संनी शिट्टी फुंकली.

वजनाला दोघींनी शिवलेल्या कापडी पिशव्या. त्यांत मैदानातली वाळू, आधी दोन-दोन ओंजळी, मग दर पंधरवड्याला एक ओंजळ जास्त. फाटकावरही दोन गाड्यांच्या मधे तिचं चालू असायचं. टाचा उचलायच्या, भिंतीला हात लावून ढकलायचं, एका पायावर उभं राहायचं. दांड्यापलीकडे थांबलेल्या सायकलवाल्यांना ही फुकटची करमणूक. “फाटकवालीचा बगळा झाला,” कोणीतरी म्हणालं, आणि आठवड्याभरात तेच नाव झालं. मामांनीही एकदा कोणी बघत नाही असं बघून एक पाय उचलला, मिशीसकट डुलले आणि घाईघाईने झेंडी पुसायला लागले.

पण हे सगळं सरळ रुळावरून गेलं असं कोणी समजू नये. दुसऱ्या महिन्यात, पाच महिने दडी मारून बसलेली पाळी एका सकाळी आली, आणि अशी आली की दे माय धरणी ठाय. मोजलेले महिने पुन्हा शून्यावर. अंग मोडून आलं, कंबर धरली. चार दिवस ती मैदानावर गेली नाही. पाचव्या दिवशी वन्सं घरी आल्या. आता शिट्टी वाजणार म्हणून तिने पांघरूण डोक्यावरून घेतलं.

शिट्टी वाजली नाही. वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, “मला हे कोणी सांगितलंच नाही गं. माझी ती तीन वर्षं आली ना, तेव्हा मी शाळेतल्या पोरींना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे, रडेपर्यंत. राग माझा आणि फेऱ्या त्यांच्या. अजून एखादी रस्त्यात दिसली की मीच वळून दुसऱ्या गल्लीने जाते.”

पंचवीस वर्षांत या बाईच्या तोंडून असं काही तिने ऐकलं नव्हतं. पांघरूण बाजूला सारून तिने त्यांचा हात धरला. नणंद म्हणून नव्हे. एक दमलेलं माणूस दुसऱ्याचा धरतं तसा.

“उद्या येते,” ती म्हणाली. “पण हळू चालेन.”

“हळू चाल. चाल म्हणजे झालं.”

फरक कधी पडला ते तिला सांगता आलं नसतं. मुंगीच्या पावलाने आला तो. एका सकाळी जाग आली तर खिडकीत ऊन होतं. म्हणजे मधे एकदाही ती उठली नव्हती. ती तशीच पडून राहिली, चोरीचा ऐवज सापडल्यासारखी, कोणाला सांगावं की नाही कळेना. पुढच्या आठवड्यात नवरा म्हणाला, “दोन दिवस झाले, भांडी गप्प आहेत.” मग जिने सोपे झाले, मग पाण्याच्या बादल्या हलक्या. अंगातली ती ऊब मात्र गेली नाही, कमी झाली म्हणावं तर तसंही नाही. पण आता ती चढायला लागली की फाटकवाली घाबरत नसे. लांबून येणारी मालगाडी ओळखावी तशी ओळखायची: आली, आता धडधडत जाईल, आणि मग परत गवत दिसेल. आणि दुपारी त्या हलत्या हवेत आई दिसायची ती अजूनही दिसायची. फक्त आता फाटकवाली झोपेत नसे, जागेपणी बघायची.

तपासनीस आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. सकाळची पाळी मामांची, दोनपासून तिची. वन्सं दांड्यापलीकडे गवतात येऊन बसल्या होत्या, शिट्टी दातांत धरून. सायकलवाले चारसहा जमले होते, त्यांना बगळा पळताना बघायचा होता.

“सुरू,” तपासनीस म्हणाले.

तिने चाक धरलं. पहिले दहा फेरे नुसते ओळखीचे. विसाव्या फेऱ्याला पोटातून ती ऊब निघाली. नेमकी आत्ताच! क्षणभर तिला सहा महिन्यांपूर्वीचा तो दगड आठवला. पण ऊब चढत होती तशी ती फिरवत राहिली, आणि कानांच्या पाळ्या तापल्या तेव्हा बत्तिसावा फेरा झाला होता. दांडे पडले. तिने झेंडी उचलली.

मग सगळं फार लांबून घडल्यासारखं झालं. गवत दोन्ही बाजूंनी मागे जात होतं, अगदी सावकाश. स्वतःचा श्वास तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता. रुळाच्या पलीकडून आई चालत होती, सरळ कमरेने, न्हाणीत पडायच्या आधीची आई, आणि दोघींचा वेग एकच होता. घाम डोळ्यांत आला तेव्हा आई पुसट झाली. तीनशे. साडेतीनशे. तो चपटा दगड आला. ती त्याच्याकडे बघून हसली म्हणे. मामांनी नंतर सांगितलं, पण तेवढ्या लांबून मामांना काय दिसणार? पाचशेला मांड्या पेटल्या. तिने दात आवळले आणि खुर्ची आठवली, पंखा आठवला, भिंतीकडे वळलेलं तोंड आठवलं. पांढरा खांब हाताला लागला तेव्हा तो उन्हाने तापलेला होता.

मागून शिट्टी वाजली, इतकी लांब की एक सायकलवाला गाडी आली म्हणून चार पावलं मागे सरकला.

तपासनीस चालत चालत खांबापाशी आले. “वीस सेकंद शिल्लक राहिले,” ते म्हणाले. “बसा आता थोडं.”

“नको. उभी बरी आहे.”

परत येताना ते बराच वेळ घड्याळाची दोरी चाळवत होते. “वरपर्यंत बातमी गेलीय, फाटकावर बगळा आहे म्हणून,” असं म्हणून ते थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आमच्या घरीही हल्ली झोप नाही. चिडचिड फार. काय करावं कळत नाही.”

“आधी डॉक्टरणीला दाखवा,” ती म्हणाली. “आणि रोज तुम्हीही त्यांच्याबरोबर चालायला जा. बोलता यावं, पण गाता येऊ नये, इतकं भरभर.”

त्यांनी वहीत ‘योग्य’ असं लिहिलं आणि सही केली. दोनला पाच कमी होते. वन्सं गवत झटकत उठल्या होत्या, पण निघत नव्हत्या. केबिनच्या दारात मामा उभे होते. त्यांनी निकाल विचारला नाही. किल्ली तेवढी पुढे धरली, नेहमीपेक्षा जरा घट्ट, आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, “पाळी तुझी.”

तिने दुसरं टोक धरलं. श्वास अजून खाली बसला नव्हता, हात घामाने ओला होता, आणि डोकं सकाळच्या आभाळासारखं लख्ख होतं. गेल्या महिन्यात आली नव्हती, या महिन्यात येईल की नाही कोणाला ठाऊक. येवो, न येवो.

“पाळी माझी,” ती म्हणाली, दांड्यापलीकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. सायकलवाल्यांना हसू आलं. वन्संना आलं नाही. त्या शिट्टी मुठीत धरून डोळे पुसत होत्या.

मामांनी किल्ली सोडली. आत घंटा वाजली, मालगाडी येत होती. तिने बत्तीस फेरे फिरवून दांडे खाली आणले आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं. एकदाच बघितलं, आणि झेंडी घेऊन दारात उभी राहिली.